तीस गांडुळांचा कौल

निवाडा गांडुळांवर सोपवायची कल्पना अण्णांची. असल्या कल्पना त्या घरात दुसऱ्या कुणाला सुचत नाहीत, आणि सुचल्याच तर बोलून दाखवायची छाती होत नाही. तीन आठवडे दोन मुलगे आणि एक नात यांची तणतण ऐकून चौऱ्याऐंशी वर्षांचे अण्णा आरामखुर्चीतून एवढंच म्हणाले, "ज्यांच्या डोक्यावर औषध ओतायचंय त्यांना विचारा की एकदा," आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं खुपसलं. झालं. शुक्रवारी भर दुपारी बाराच्या ठोक्याला मागच्या पॅकिंगच्या खोलीत तीन टब मांडले गेले, आणि रविवारी बारा वाजता सगळ्यांनी निकालाला हजर राहायचं ठरलं.

तो रविवार आज उजाडला होता. अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि डोसकाका दुकानाच्या काउंटरमागे उगाचच फडकं मारत फिरत होते. एकच फळी त्यांनी चौथ्यांदा पुसली.

डोसकाका हे नाव त्यांना पुतणीने ठेवलं, ती चार वर्षांची असताना. घरात कुणी शिंकलं की हे विचारायचे, "डोस किती घेतलास?" चहात साखर किती, तर दोन टोपणं. भाताला पाणी किती, तर चार टोपणं आणि वर एक शिंतोडा. बाटलीचं टोपण हे माप सोडून जगात दुसरं माप आहे यावर त्यांचा विश्वासच नव्हता. पुढे ते नाव गिऱ्हाइकांच्या तोंडी बसलं, मग बायकोच्याही. आता साठी गाठली तरी त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारली तर ते वळूनसुद्धा बघत नसत.

त्यांनी पुसलेल्या फळीवर 'निवांत'च्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. निळंशार औषध, हुमणीच्या अळीवरचं, एका बादलीला एक टोपण. दुकान अण्णांनी काढलं होतं. मागची रोपवाटिका थोरल्या दादाने फुलवली होती. या सगळ्या आवारात डोसकाकांचं स्वतःचं म्हणावं असं काही असेल तर ती ही बाटली. बारा वर्षांपूर्वी कारखान्यातल्या एका ओळखीच्या माणसाचं डोकं खाऊन खाऊन त्यांनी ते बनवून घेतलं, परवान्यासाठी चपला झिजवल्या, नावही स्वतःच शोधलं. वापरणाऱ्याला निवांत झोप लागावी म्हणून निवांत.

आणि बारा वर्षांत दादाने त्यातला एक थेंब घेतला नव्हता. दुकान पुढे, रोपवाटिका मागे, मधे फक्त एक दार. पण विचारलं की म्हणायचा, "बघू." साऱ्या पंचक्रोशीने निवांत नेलं, सख्ख्या भावाने बघू बघू करत बारा वर्षं काढली. डोसकाकांना ते फार लागायचं. जेवताना लागायचं, दाढी करताना लागायचं, दादाच्या रोपांचं कुणी कौतुक केलं की तर जास्तच लागायचं.

यंदा मात्र नवल घडलं. रोपवाटिकेच्या नव्या अठ्ठावीस वाफ्यांत हुमणी शिरली. रोपं वरून हिरवीगार आणि खालून मुळं फस्त. बारा हजार रोपांची मागणी पुरी करायची होती. एका सकाळी दादा मधल्या दाराने न येता रस्त्याने वळसा घालून दुकानात आला, गिऱ्हाईक उभं राहतं तिथे उभा राहिला आणि म्हणाला, "तुझं ते निळं दे रे." डोसकाकांना रडू आलं. खरंच आलं. ड्रम शिल्लक आहे का ते बघायच्या निमित्ताने ते आत गेले आणि तोंड धुऊन बाहेर आले.

एवढं झाल्यावर मोडता घातला कुणी? दादाच्याच लेकीने. ती गांडुळांवर डॉक्टरेट करत होती. कीटकनाशकाने गांडुळाच्या अंगात नेमकं काय बिघडतं, हा तिचा विषय. घरात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणून चिडवायचे, पण ती चिडायची नाही, उलट गांडुळांबद्दल आणखी काहीतरी सांगायची, म्हणून हळूहळू चिडवणंच कमी झालं. ती म्हणाली, "बाबा, वाफ्यांत निवांत घालायचं नाही. माती मरेल." दादा म्हणाला, "तोवर मी मरेन त्याचं काय?" आणि तिथून तीन आठवड्यांची ती तणतण सुरू झाली.

आता डोसकाका एकच फळी चौथ्यांदा का पुसत होते, तेही सांगून टाकलेलं बरं. शुक्रवारी पुतणी म्हणाली होती, "काका, औषध तुमचं, डोस तुमचा. तुम्हीच घाला मातीत. मागाहून तक्रार नको." डोसकाका ऐटीत आत गेले, निवांतची रिकामी बाटली घेतली, तिच्यात नळाचं पाणी भरलं, बायकोच्या धुण्याच्या निळीची उरलेली अर्धी बाटली त्यात ओतली, हलवली, आणि बाहेर येऊन तिन्ही टबांच्या अर्ध्या अर्ध्या मातीवर टोपणाने मोजून मोजून ते पाणी शिंपडलं. चेहऱ्यावर एक रेषा हलली नाही. असं का केलं, हे त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं. काही गोष्टी माणूस स्वतःला विचारतच नाही, त्यातलीच ती एक.

हिशोब मात्र सरळ होता. दोन्हीकडे साधीच माती म्हटल्यावर गांडुळं निम्मी इकडे, निम्मी तिकडे सापडणार. म्हणजे निवांत निर्दोष. म्हणजे उद्यापासून दादाच्या अठ्ठावीस वाफ्यांत निवांत.

"अहो, चला! सगळे जमलेत," आतून काकूंनी हाक मारली. डोसकाकांनी फडकं टाकलं, मिशीवरून हात फिरवला आणि मागे गेले.

पॅकिंगच्या खोलीत एरवी रोपं खोक्यांत भरली जात. लांबलचक पत्र्याचं टेबल, सुतळीचे गुंडे, पुठ्ठ्यांची चळत, आणि ओल्या मातीचा वास. आज टेबलावर तीन पांढरे टब होते. अण्णांची आरामखुर्ची दोघांनी उचलून आणली होती. काकू स्टुलावर होत्या, त्यांच्या मांडीवर मोजदाद लिहायची वही. ताई, म्हणजे दोघा भावांच्या मधली बहीण, दाराशी टॉवेलला हात पुसत उभी होती. ती गेल्या महिन्यात चार दिवसांसाठी माहेरी आली होती आणि अजून गेली नव्हती.

दादा बाकावर बसला होता. डोसकाका आत येताच तो जरा सरकला आणि शेजारची जागा थोपटून म्हणाला, "ये, बस." डोसकाका बसले. दादाने आपणहून शेजारी बोलावलं, तेही सगळ्यांसमोर! त्यांना वाटलं, निकाल लागायच्या आधीच आपण जिंकलो.

"नियम पुन्हा एकदा सांगते," पुतणी हातमोजे चढवत म्हणाली. "प्रत्येक टबात अर्धी साधी माती, अर्धी काकांचं औषध घातलेली. मधे पत्रा होता. तो शुक्रवारी काढला आणि बरोबर मधल्या रेषेवर दहा गांडुळं ठेवली. ती मातीत शिरली. अठ्ठेचाळीस तास कुठेही जायची मुभा होती. आता पत्रा परत घालायचा आणि कुठल्या बाजूला किती आहेत ते मोजायचं."

"आणि नेमकं पत्र्याखालीच कुणी सापडलं तर?" अण्णांनी विचारलं.

"ते अर्धं इकडे, अर्धं तिकडे धरायचं."

"म्हणजे आमचे जावईबापू," अण्णा म्हणाले.

"अण्णा!" ताई दारातून कडाडली. "ते इथे नाहीत म्हणून काहीही बोलाल का?"

"ते असते तरी कुठल्या बाजूला असते?"

काकूंनी हसू दाबत विषय बदलला. "मला एक सांग गं, गांडुळाला नाक कुठे असतं? त्याला औषध कळतं कसं?"

"नाक नसतं काकू. कातडीनेच कळतं सगळं. श्वास कातडीने, चव कातडीने."

"म्हणजे बसायचं तिथलंच चाखायचं. बरंय, भांडी घासायला नकोत."

"तुमचं गांडूळपुराण नंतर," दादा वैतागून म्हणाला. "तिकडे हुमणी माझी मुळं कुरतडतेय. मोज लवकर."

"मला एवढंच सांग," अण्णा नातीकडे वळले, "या औषधाने गांडुळं मरतात का? हो किंवा नाही."

"नाही अण्णा. तिथेच तर गोम आहे. बेताच्या डोसाने मरत नाहीत."

"मरत नाहीत!" डोसकाकांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलं? ती स्वतः म्हणतेय!"

"माझं पुरतं ऐका ना काका. आपण दारावरची बेल दाबतो आणि सोडतो. सोडली की थांबते. तसा शरीरात एका नसेकडून दुसरीकडे निरोप गेला की तो थांबवणारं एक एन्झाइम असतं. निवांतच्या जातीची औषधं त्या एन्झाइमलाच जखडून ठेवतात. मग बेल वाजतच राहते. गांडूळ वेटोळं घालून पडतं. खाणं कमी, वजन कमी, अंडी कमी. मी प्रयोगशाळेत रोज मोजते हे. वरून बघितलं तर जिवंत असतं, पण मातीत बोगदे करायचं, पालापाचोळा खायचं सगळं काम बंद."

अण्णांनी मान डोलावली. "समजलं. माझ्यासारखंच. नुसतं जिवंत."

"तुम्ही कुठे कमी खाता?" ताई म्हणाली.

"बिचारी गांडुळं," काकू हळहळल्या, आणि नवऱ्याची नजर वळताच घाईघाईने वहीत रेघा मारायला लागल्या.

पुतणीने पहिल्या टबात पत्रा घातला. साध्या बाजूची माती ट्रेमध्ये काढून ती बोटांनी हलकेच उलगडायला लागली. एकेक गांडूळ निघालं की ती ओल्या कागदावर ठेवी आणि काकू मोठ्याने मोजत. एक. दोन. तीन. चार. पाच.

'बस,' डोसकाका मनात म्हणाले. 'पाच झाली. आता थांबा.'

सहा. सात. काकूंचा आवाज जरा हळू झाला. आठ. नऊ. दहा.

"आणि निळ्या बाजूला?" दादाने विचारलं.

पुतणीने निळी माती ट्रेमध्ये पसरली. इकडून उलथली, तिकडून उलथली. "शून्य."

"नीट बघ," डोसकाका म्हणाले. "तळाला असतील. थंडाव्याला जातात ती तळाला."

"काका, तळ दिसतोय."

होतं असं एखाद्या टबात, असं डोसकाकांनी स्वतःला समजावलं. दहा गांडुळं म्हणजे काही फार मोठी सभा नव्हे. एक निघालं असेल तिकडे, बाकीची त्याच्या मागे गेली असतील. या घरातही लोक तसेच वागतात.

दुसरा टब. साध्या बाजूला दहा. निळ्या बाजूला शून्य.

डोसकाका पुढे वाकून टबात बघायला लागले. साधं पाणी आणि धुण्याची नीळ! त्या निळीचे शर्ट गेली पस्तीस वर्षं ते अंगावर घालत होते, त्यांना कधी पळून जावंसं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या टबाला काकूंनी मोजणं सोडून नुसतं बघायला सुरुवात केली. पुन्हा दहा आणि पुन्हा शून्य. एकूण तीस विरुद्ध शून्य. एक गांडूळ म्हणून चुकूनसुद्धा तिकडे गेलं नव्हतं.

मग बाक करकरला. दादा उठला होता. तो टेबलाला वळसा घालून लेकीच्या बाजूला जाऊन उभा राहिला, आणि बाकावर डोसकाकांच्या शेजारची जागा रिकामी झाली.

"तिसांतलं एकसुद्धा नाही?" दादा म्हणाला. "अरे, एखादं आळशी, एखादं बहिरं, एखादं तुझ्यावर प्रेम करणारं... एकही नाही?"

"दादा, तू..."

"बारा वर्षं बघू म्हणत होतो ते बरंच केलं म्हणायचं."

हे वाक्य डोसकाकांच्या काळजात गेलं. ते उठले, पुन्हा बसले. सांगावं तरी कसं? औषधाची बाजू घ्यायची तर औषध नव्हतं हे कबूल करायला हवं. गप्प बसावं तर बारा वर्षांच्या मेहनतीला पाणी बदनाम करून चाललेलं, आणि तेही नळाचं.

"ठरलं तर," अण्णांनी वर्तमानपत्राची घडी केली. "उद्यापासून निवांत फळीवर नको."

"पण लोक विचारतील," काकू रडवेल्या झाल्या. "काय सांगायचं त्यांना?"

"सांगा, गांडुळांनी बहिष्कार टाकला."

"एक मिनिट," पुतणी म्हणाली. ती निळी माती चिमटीत धरून बघत होती आणि तिच्या कपाळावर आठी पडली होती. "मला यात काहीतरी गडबड वाटतेय. जिंकले म्हणून मी खूश व्हायला हवं, पण तीस-शून्य? जिवंत प्राणी इतकं शिस्तीत वागत नाहीत. निदान दोन-तीन तरी..."

"त्यात निवांत नव्हतंच!"

डोसकाका ओरडले होते. आपणच ओरडलो हे त्यांना सगळ्यांच्या माना वळल्यावर कळलं. पण आता तोंड उघडलंच होतं. "पाणी होतं ते! नळाचं पाणी आणि नीळ! धुण्याची! माझ्या औषधाला उगाच नावं ठेवू नका. माझं औषध त्या टबात नव्हतंच, ते बापडं तिकडे फळीवर उभं आहे, त्याचा काय दोष?"

"तरीच!" काकू ताडकन उठल्या आणि वही खाली पडली. "तरीच माझी नीळ संपली! आणि मी ताईंना बोलले!"

"चांगलं दोन दिवस बोललीस," ताई म्हणाली.

पुतणीने हातमोजे काढले. तिला हसावं की रडावं कळत नव्हतं. "काका, प्रयोग होता तो!"

"ते जाऊ दे! तू डॉक्टरीणबाई ना? मग सांग. दोन्हीकडे साधी माती असली तर काय होतं?"

"साधारण निम्मी निम्मी होतात."

"मग ही कशी पळाली? निळीला भिऊन? सांग ना!"

पुतणी पुन्हा निळी माती चिवडायला लागली. दादा टबांकडे बघत होता, काकू टबांकडे बघत होत्या, अण्णा मात्र दाराकडे बघत होते. तिथे ताई केव्हाची तेच तेच हात पुसत होती. टॉवेल मातीने काळा झाला होता.

"काय गं?" अण्णा म्हणाले.

"मी हलवली," ताई म्हणाली.

"काय हलवलीस?"

"गांडुळं. मघाशी तुम्ही सगळे चहा घेत होतात तेव्हा." ताईचा आवाज आधी बारीक होता, पण बोलता बोलता तिला अवसान चढलं. "मग काय करायचं होतं? ही रोज जेवताना सांगते वेटोळं घालतात, खात नाहीत, बेल वाजत राहते. मला घास गिळवेना. माहेरी आलेय मी, इथे माझ्या नाकासमोर तीस जीव विषात लोळतायत आणि मी बिस्किट बुडवून खाऊ? निळ्या मातीतली एकूण एक काढून पलीकडे ठेवली. शेवटच्या एकाने फार पळवलं मला."

"आत्या!" पुतणीने डोक्याला हात लावला.

"निळ्या मातीत किती होती?" डोसकाका पुढे झाले. "ताई, आठव नीट. किती होती?"

"मोजली ना. सोळा."

"सोळा!" डोसकाकांनी दोन्ही हात वर केले. "ऐकलंत का? सोळा विरुद्ध चौदा! म्हणजे मी जिंकत होतो! दादा, मी जिंकत होतो रे!"

"पाण्यावर," अण्णा म्हणाले.

डोसकाकांचे हात हळूहळू खाली आले.

"इकडे ये," अण्णा म्हणाले. आवाज चढवला नव्हता, उलट मऊच होता, आणि अण्णांचा मऊ आवाज त्या घरात सगळ्यांना पाठ होता. डोसकाका आरामखुर्चीसमोर जाऊन उभे राहिले. साठ वर्षांचा माणूस, दुकान चालवणारा, हात मागे बांधून उभा.

"हिने काढली ते कळलं मला. हिला वाटलं मरतील. पण तू सांग. निवांत चांगलं आहे, मातीला काही होत नाही, असं तूच म्हणतोस ना?"

"म्हणतो."

"बारा वर्षं म्हणतोस."

"हो."

"मग खरं का नाही घातलंस? एक टोपण एका बादलीला. डोस तर तुझ्याइतका कुणाला पाठ नाही. पाणी का घातलंस?"

डोसकाकांनी तोंड उघडलं. उत्तर तयार असेल असं त्यांना वाटलं होतं. परिणाम दिसायला वेळ लागतो, टबाची माती वेगळी असते, हंगाम नाही, ही सगळी गिऱ्हाइकांना द्यायची उत्तरं जिभेवर आली आणि एकही पुढे सरकेना. त्यांनी टेबलाकडे बघितलं. ओल्या कागदावर तीस गांडुळं वळवळत होती, चकचकीत, गुलाबी, कुणाचं काय चाललंय याची गंधवार्ता नसलेली.

"पळाली असती ना," ते म्हणाले. "एक राहिलं नसतं तिकडे. आणि जे राहिलं असतं, ते वेटोळं घालून पडलं असतं." मग ते अण्णांकडे वळले. "मला माहीत होतं, अण्णा. बाटली हातात घेतली तेव्हाच माहीत होतं."

काकूंनी वही उचलून छातीशी धरली. खरं तर पुतणीचा विजय झाला होता, पण तिने तो मिरवला नाही, आणि त्याबद्दल डोसकाका तिचे जन्माचे ऋणी राहिले.

बोलला तो दादा. "म्हणजे या तीस गांडुळांसाठी तू पाणी घातलंस," तो सावकाश म्हणाला. "आणि उद्या माझ्या अठ्ठावीस वाफ्यांत खरं घालणार होतास?"

डोसकाकांना हे सुचलंच नव्हतं. देवाशपथ सुचलं नव्हतं. त्यांनी भावाकडे बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. या वेळी तोंड धुवायला आत जायचं त्यांना भान राहिलं नाही.

"तू मागितलंस ना," ते म्हणाले. "जन्मात पहिल्यांदा तू माझ्याकडे काहीतरी मागितलंस, दादा. नाही कसं म्हणू मी तुला?"

दादाने टेबलावरचा सुतळीचा गुंडा उचलला, उगाच थोडा उलगडला, पुन्हा गुंडाळला. ताईने डोळ्यांना टॉवेल लावला आणि कपाळावर मातीचा पट्टा ओढून घेतला. कुणी हसलं नाही, एवढी ती वेळ अवघड होती. फक्त अण्णा हसले.

"मग आता दुसरं मागतो," दादा म्हणाला. "देशील?"

"बोल."

"उद्या सकाळी सहाला वाफ्यावर ये. खुरपं मी देतो. हुमणी हाताने वेचायची, एकेक. तू आणि मी. अठ्ठावीस वाफे आहेत, दहा-बारा दिवस सहज जातील."

"हाताने?" डोसकाका डोळे पुसत म्हणाले. "अरे, माझी कंबर! मला खाली वाकता येत नाही, वाकलो तर उठता येत नाही. आणि सहा म्हणजे फार होतात. साडेसात कर."

"सहा."

"सात. सातला येतो, आणि दुकान दहाला उघडेन."

"हुमणी ऊन चढलं की खोल जाते. सहा म्हणजे सहा."

डोसकाकांनी आशेने बायकोकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "मी उठवीन." ताई म्हणाली, "मीही येते." "तू नको," दोघे भाऊ एका सुरात म्हणाले, "तू हुमणीलाही पलीकडे नेऊन ठेवशील."

"अकरा डोस कमरेच्या मलमाचे लागतील मला," डोसकाका कुरकुरले, पण बोलता बोलताच ते टेबलाकडे वळले होते. त्यांनी टेबलाखालचे दादाचे चिखलाचे जुने बूट ओढून काढले, बाकावर बसले आणि एक पाय आत घालून बघितला. "मोठा होतोय मला."

"आत फडकं कोंब," दादा म्हणाला, आणि बाकावर त्यांच्या शेजारी येऊन बसला.